खरवडलेलं नाव

मलय मुलखात, बेरूपा नदीच्या मुखाशी वसलेल्या त्या गावात एके काळी चांदीकाम करणाऱ्यांची सात दुकानं होती. एकेक करत सहा मिटली. सातवं उरलं होतं, पण त्यातही चांदी थोडी आणि भिंतीवरची घड्याळंच जास्त. दुकानाची मालकीण ताय ग्योक इम. वय त्रेसष्ट, लग्न केलेलं नाही, दुकानाच्या माडीवर एकटी राहायची. तिचे आजोबा ताय बून सेंग तरुणपणी चीनच्या किनाऱ्यावरून इथे आले आणि इथेच मातीला मिळाले. कोरणी कशी धरायची ते त्यांनीच तिला शिकवलं होतं. आताशा ती शाळांच्या क्रीडास्पर्धांसाठी प्लास्टिकच्या ढालींवर यंत्राने नावं घालून द्यायची. कोरण्या खणात तेल लावून ठेवलेल्या होत्या. वर्षाकाठी एखादं लग्नातलं तबक आलं तर तेवढ्यापुरत्या त्या बाहेर निघत.

हाजी मोर्नी दुकानात आला तो दुपारी, नमाजानंतर. नदीच्या अलीकडच्या काठावरच्या सुंगाई नीपा गावाचा तो प्रमुख. सत्तरी ओलांडलेला, अंगाने सडसडीत, आवाज मात्र भरदार. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"न्योन्या, चहा-कॉफी काही नको, आधी हे बघ," चिनी घरच्या बाईला इकडे हाक मारतात तशी हाक मारत त्याने काउंटरवरच्या ढाली कोपराने बाजूला सारल्या आणि टॉवेल सोडला.

वीतभर उंचीचा चांदीचा कप. दोन्ही बाजूंचे कान बांबूच्या कांड्यांसारखे घडवलेले. एका अंगाला ढगांत गुरफटलेला ड्रॅगन, दुसऱ्या अंगाला शर्यतीची लांब होडी, तिच्यात वल्हेकरी आणि मागे उभा तांडेल. होडीच्या खाली जावी लिपीत, म्हणजे अरबी वळणाच्या जुन्या मलय अक्षरांत, तीन ओळी: पहिला मान, सुंगाई नीपा, आणि १९२६ हे साल.

"नदीकाठी नवं सभागृह बांधलंय ना, तिथे काचेच्या कपाटात ठेवायचाय," हाजी म्हणाला. "यंदा शर्यतीला सत्तर वर्षं होतात. पण जिल्हा कचेरीतल्या साहेबांना कागद हवाय. कप कोणी केला, कधी केला, कोणासाठी केला, हे जाणकाराच्या सहीने लिहून आणा म्हणे. मी म्हटलं, अरे, कपावरच लिहिलंय की! तर म्हणतो, कपाची सही चालत नाही."

ग्योक इम हसली. तिने कप उलटा केला. बुडाला दोन चिनी अक्षरं ठोकलेली होती, 'हो हिन'. दुकानाच्या पाटीवर होती तीच.

"आमच्या आजोबांच्या हातचा आहे," ती म्हणाली.

"ते मला माहीत नाही होय? म्हणून तर तुझ्याकडे आलो. लिही आणि दे."

"दोन दिवस ठेवून जा, हाजी. वजन करते, जरा नीट पाहते."

"दोन काय, चार दिवस ठेव. पण घासून गुळगुळीत करू नकोस. लोकांना जुना वाटला पाहिजे."

तो गेल्यावर तिने भिंग काढलं. आजोबांच्या हातचं काम तिने आजवर तसं थोडंच पाहिलं होतं. युद्धात जपान्यांचं राज्य आलं त्या काळात लोकांनी चांदी पुरली, विकली, वितळवली, त्यातून वाचलं ते वाचलं. होडीतले वल्हेकरी तिने मोजले. एका बाजूला पंधरा, प्रत्येकाची मान वेगळी वळलेली. एवढ्याशा जागेत पंधरा माना! तिला म्हाताऱ्या आजोबांचं मनोमन कौतुक वाटलं. मग सवयीने तिने अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि मधल्या ओळीवर अंगठा किंचित खाली गेला.

डोळ्यांना काही दिसत नव्हतं. तिने पुन्हा फिरवून पाहिला. पहिली ओळ सपाट, तिसरी सपाट, मधली मात्र बशीसारखी खोलगट. चांदीत वर्षं काढलेल्या माणसाला असा खळगा कशाने पडतो ते सांगावं लागत नाही. तिने कप तोंडाजवळ धरून त्याच्यावर हळूच फुंकर मारली. थंड चांदीवर वाफ धरली, आणि क्षणभर 'सुंगाई नीपा'च्या खालून दुसऱ्याच रेघा वर आल्या. वाफ विरली, रेघा गेल्या. तिने पुन्हा फुंकर मारली. जुनं कोरीव खरवडून काढलं तरी कोरणीच्या दाबाने खालची चांदी दाबली गेलेली असते, आणि वाफ तिथे जरा वेगळी बसते.

तिला जावी सरळ वाचता येत नव्हती, पण लग्नाच्या तबकांवर तीस वर्षं नावं घालून अक्षरं ओळखीची झाली होती. 'नीपा' या शब्दात सगळी अक्षरं बुटकी, एकही उभा दांडा नाही. खाली मात्र शेजारी शेजारी दोन उंच दांडे उभे होते. लाम आणि अलिफ, म्हणजे 'ला'. त्यापुढे एक टिंब खाली, मग वळलेली शेपटी.

लाबी.

नदीच्या पलीकडच्या काठावर, नीपाच्या अगदी समोर, तांजुंग लाबी नावाचं गाव होतं.

तिने कप टॉवेलात गुंडाळला आणि लोखंडी कपाटात ठेवून दिला. त्या दिवशी तिने तीन ढालींवर नावं चुकीची घातली.

तिच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. कप आजोबांनी केला, तेव्हा अक्षरंही आजोबांनीच बदललेली असणार. एका गावाचा मान खरवडून दुसऱ्याच्या नावावर घातला. कोणाच्या सांगण्यावरून? काय घेऊन? म्हाताऱ्याची गावात ख्याती अशी होती की त्यांच्या दुकानातली चांदी कोणी दुसऱ्याकडे पारखायला नेत नसे. बापाने आणि मग तिनेही त्याच नावावर पोट भरलं होतं. झाकली मूठ ठेवायची म्हटलं तर सोपं होतं. कचेरीला लिहायचं, घडवणारा ताय बून सेंग, साल १९२६, चांदी नव्वद टक्के, खाली सही. पण कागदात तिसरा प्रश्न होता. कोणासाठी केला?

आजोबांच्या वह्या माडीवर पत्र्याच्या पेटीत होत्या. कोणतीही वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी म्हातारा कोरीव रेघांत काजळी आणि तेल भरायचा, वर पातळ कागद दाबून त्याचा छाप काढायचा आणि तो वहीत चिकटवायचा. नक्षी पुन्हा लागली तर हाताशी असावी म्हणून. पेटी उघडायला तिने दोन दिवस लावले. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवलं आणि ती पेटीसमोर जमिनीवर बसली.

वह्यांना कसर लागली होती. १९२६ची वही उघडताना तिचं एक पान हातातच मोडलं. पण होडीचा छाप शाबूत होता. पंधरा वल्हेकरी, उलटे. खाली तांजुंग लाबी, उलट्या अक्षरांत. तारीख आठव्या महिन्याची. पुढे सहा पानं तबकं, पानपुड्यांचे डबे, कमरपट्ट्यांची टोकं. मग पुन्हा फक्त एका ओळीचा छाप, होडीशिवाय. सुंगाई नीपा. तारीख दहाव्या महिन्याची. त्याच्या शेजारी आजोबांच्या हाताने शाईने लिहिलेलं होतं, आणि म्हातारा वहीत शब्द सहसा वाया घालवत नसे:

"लाबीचा तांडेल स्वतः कप घेऊन आला. गावाचं नाव काढून समोरच्या गावाचं घालायला सांगितलं. खरवडून होईपर्यंत समोर बसून होता. कारण विचारलं नाही."

ग्योक इमने ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. म्हाताऱ्याने लबाडी केली नव्हती. जिंकणाऱ्याने स्वतः येऊन सांगितलं, त्याने ते केलं. मग हळूहळू तिला हे जास्तच विचित्र वाटू लागलं. जिंकलेला माणूस स्वतःचं नाव का खरवडून घेईल?

दुसऱ्या दिवशी ती धक्क्यावरून लाबीच्या होडीत बसली. होडीवाला बडबड्या होता. कशाला चाललात, कोणाकडे चाललात, सगळं विचारून झाल्यावर तिने जुन्या कपाबद्दल चौकशी करायचीय एवढंच सांगितलं. झालं, त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"नीपावाल्यांचा कप? त्यांचा कसला, आमचाच चोरलेला! माझी आजी सांगायची, शर्यत आम्ही जिंकली, कप घरात आला, आणि दोन महिन्यांत समोर जाऊन बसला. आता सभागृहात मांडणार म्हणे. चोरीचा माल काचेत मांडायचा म्हणजे छातीच लागते."

"तुमच्या आजीने कोणी चोरला ते सांगितलं का?"

"ते नाही सांगितलं. पण चोर आपलं नाव सांगून जातो होय?"

त्या वेळचा तांडेल द्राहमान. त्याची मुलगी अजून हयात होती, हेही होडीवाल्यानेच सांगितलं. नेक रापिया, म्हणजे रापियाआजी. चौऱ्याऐंशी वर्षांची. कानाने तेज, डोळ्याने अधू, तोंडाने तिखट.

रापियाआजी घराच्या पडवीत सुपात सुकी मासळी निवडत बसली होती. ग्योक इमने स्वतःचं नाव सांगितलं, दुकान सांगितलं.

"बून सेंगची नात? ये, अमोई, बस," आजी म्हणाली. अमोई म्हणजे चिनी पोर. ग्योक इमला त्रेसष्टाव्या वर्षी पोर म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. "लग्न केलंस?"

"नाही, नेक."

"शहाणी आहेस. काय काम काढलंस?"

ग्योक इमने वहीचं पान सोबत आणलं होतं, पण आजीच्या डोळ्यांना ते दिसणार नव्हतं. तिने वाचून दाखवलं. आजीचे हात मासळीत थांबले. आतून सुनेने कॉफी आणि सागूची कडक बिस्किटं आणून ठेवली, ती निघून जाईपर्यंत म्हातारी थांबली.

"समोर बसून होता, असं लिहिलंय?" तिने विचारलं.

"हो."

"ते मला माहीत नव्हतं. नेऊन दिला एवढंच माहीत होतं." मग ती सांगू लागली. तिचा आवाज चढला नाही की कापला नाही.

"मी चौदा वर्षांची होते. धक्क्यावर आईजवळ उभी होते. शेवटच्या फेरीला तीन होड्या. आमची, नीपाची, आणि वरच्या अंगाची लुबोक पुनाईची. इबान लोक, वरच्या जंगलातले, वल्ही मारायला राक्षस. नदीच्या मध्यावर ते पुढे होते. ओहोटी लागलेली, एक ओंडका पाण्याखालून वाहत आला आणि त्यांच्या होडीला लागला. उलटली. तीस माणसं पाण्यात. आमची होडी त्यांच्या मागेच होती, सरळ त्यांच्यातून गेली. मी पाहत होते. एकाने आमच्या होडीची कड पकडली, मागे, माझ्या बापाच्या पायाशी. होडी वाकडी व्हायला लागली. बापाने ओरडून सांगितलं, वल्ही मारा, थांबू नका. आणि सुकाणूचं वल्हं उचलून त्याच्या बोटांवर मारलं. दोनदा. पहिल्याने हात सुटला नाही."

तिने सुपातली एक मासळी उचलली, चाचपली, बाजूला टाकली.

"आम्ही जिंकलो. धक्क्यावर ढोल वाजत होते. वाजवणारे मागच्या गर्दीत होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. नीपाची होडी आलीच नाही. ती तिथेच थांबली होती, माणसं उचलत होती. सव्वीस काढली त्यांनी. चार गेली. तो हात कोणाचा, त्या सव्वीसांतल्याचा की चौघांतल्याचा, हे माझ्या बापाला शेवटपर्यंत कळलं नाही."

"त्यांनी कोणाला विचारलं नाही?"

"कोणाला विचारायचं? लुबोक पुनाईला जाऊन विचारायचं, बाबांनो, तुमच्यात बोटं मोडलेला कोणी आहे का?" आजी म्हणाली. "कप दोन महिने घरात होता. आई त्याला फडक्याने झाकून ठेवायची. मग एक दिवस बाप तो घेऊन गेला. नीपाच्या प्रमुखाच्या ओटीवर ठेवला आणि न बोलता परत आला, असं आईने सांगितलं. त्यानंतर तो होडीत बसला नाही. चाळीस वर्षं जगला, पण कधी नदी ओलांडली नाही. गावाने त्याला भित्रा म्हटलं, मग कपचोर म्हटलं. त्याने कोणाला काही सांगितलं नाही, आणि मीही नाही. आज तू वही घेऊन आलीस म्हणून."

"मी हे कागदावर लिहू का, नेक?"

"तुझ्या आजोबाने लिहिलंच आहे की. मग तू का विचारतेस?"

ग्योक इमने कागद लिहिला. एकच पान, जेवढं कळलं तेवढंच, कोणाला बरं-वाईट न म्हणता. बोटांवरच्या वल्ह्याबद्दल तिने लिहिलं नाही. होडी थांबली नाही, एवढंच लिहिलं. कचेरीत देण्याआधी तो हाजीला दाखवावा म्हणून ती कप आणि कागद घेऊन नीपाला गेली.

हाजीने चष्मा लावून कागद वाचला. एकदा वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा. त्याच्या घराच्या ओटीवर भिंतीला लागून एक फळी होती, मधोमध रिकामी, आणि कपाच्या बुडाचा गोल डाग तिच्यावर उमटलेला होता.

"म्हणजे आम्ही हरलो," तो म्हणाला.

"तुमच्या लोकांनी सव्वीस माणसं वाचवली, हाजी."

"ते ठीक आहे. हरलो की नाही ते सांग."

"शर्यत हरलात."

"सत्तर वर्षं जिंकलेलो होतो आम्ही!" तो उसळला. "तीन पिढ्या! माझी नातवंडं शाळेत निबंध लिहितात त्याच्यावर. आणि तू एक फुंकर मारलीस आणि हरवलंस! तुला काय सांगितलं होतं? कोणी केला, कधी केला. एवढंच ना? ताकाला आलीस आणि म्हैसच सोडून न्यायला निघालीस."

तिने कप उचलून त्याच्यासमोर ठेवला.

"ते खालचं नाव," तो जरा खाली येत म्हणाला, "अजून थोडं घासलं तर पुरतं जाईल?"

"जाईल. चांदी तिथे पातळ झालीय, पण सावकाश केलं तर भोक पडणार नाही."

"तुला जमेल?"

"जमेल. पण करणार नाही मी. दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायचं असेल तर कप तुमचा आहे."

हाजीने तिच्याकडे रोखून पाहिलं. दुसरं कोणी उरलंच नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने कप ओढून घेतला, फळीवर ठेवला, आणि उठून आत गेला. तिला कोणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. थोडा वेळ थांबून ती निघाली.

आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी हाजी दुकानात आला. चेहरा उतरलेला.

"चल," तो म्हणाला. "म्हातारीला माझ्या तोंडावर सांगू दे. तुझ्या कागदावर माझा विश्वास नाही."

दोघं लाबीच्या होडीत बसली. होडीवाल्याने हाजीला ओळखलं आणि जन्मात पहिल्यांदा तो पैलतीर येईपर्यंत गप्प राहिला.

रापियाआजीच्या पडवीत हाजीने सलाम केला, विचारपूस केली, आणि ताठ बसला. आजीने सगळं पुन्हा सांगितलं, तेच आणि तितकंच. या वेळी वल्ह्याचं आलं तेव्हा पडवीच्या पायरीवर ऐकत बसलेला होडीवाला उठून धक्क्याकडे चालता झाला.

"तुझा बाप कोण?" आजीने शेवटी हाजीला विचारलं.

"सेबली. नीपाच्या त्या होडीत तिसऱ्या बाकावर होता."

"मग तो तुला काय सांगायचा?"

हाजी उत्तर द्यायला गेला आणि अडला. त्याची नजर नदीकडे गेली. ग्योक इम त्याच्याकडे पाहत होती. म्हातारा काहीतरी मागे मागे जाऊन शोधत होता असं तिला दिसलं.

"बाप म्हणायचा, कप आपल्याकडे आला," तो सावकाश म्हणाला. "जिंकला, असं... नाही. तसं तो म्हणाला नाही कधी. कप आपल्याकडे आला, असंच म्हणायचा. मी पोर होतो. कप आला म्हणजे जिंकला, असंच मी धरलं. पुढे सगळ्यांना तेच सांगत आलो."

"पोरं धरतात तसं," आजी म्हणाली.

"तो बिचारा दर वर्षी शर्यतीच्या दिवशी मासे धरायला जायचा. मला राग यायचा. सगळं गाव धक्क्यावर, आणि जिंकलेल्या होडीतला माणूस खाडीत गळ टाकून बसलेला."

आजीने सुनेला हाक मारून हाजीसाठी केळी तळायला सांगितली.

"कप परत हवाय का तुम्हाला, नेक?" हाजीने विचारलं.

"मला कशाला? ज्याचा होता त्यानेच नेऊन दिला. दिलेलं परत घेतात का? फक्त माझ्या बापाला चोर म्हणणं बंद करा. तुम्ही नाही म्हणत, हेच म्हणतात, इथले. आणि अमोई, ते बुडालेले चार लिही. कपावर नको, कागदावर लिही."

"त्यांची नावं?" ग्योक इमने विचारलं.

"नावं मला काय माहीत."

परत येताना हाजी ग्योक इमला म्हणाला, "तुझ्या कागदात तू वल्ह्याचं लिहिलं नाहीस."

"नाही."

"नको लिहूस. म्हातारी जिवंत आहे."

जिल्हा कचेरीतल्या साहेबाला कागद आवडला, पण तो म्हणाला, काचेच्या कपाटातल्या पाटीवर तीन ओळींच्या वर मजकूर मावत नाही, सगळ्या पाट्या सारख्या दिसल्या पाहिजेत. हाजीने भांडून पाहिलं. साहेबाने शिंप्यासारखी टेप काढून पाटी मोजून दाखवली. शेवटी हाजीच दुकानात बसून ओळी सांगू लागला आणि ग्योक इम लिहू लागली. अर्धी दुपार गेली. पहिली ओळ कारागिराच्या नावाची आणि सालाची. दुसरी: 'शर्यत तांजुंग लाबीने जिंकली, मान त्यांनी सुंगाई नीपाला दिला.' 'दिला' हा शब्द हाजीने तीनदा खोडला आणि चौथ्यांदा ठेवला. तिसरी: 'या दिवशी लुबोक पुनाईची चार माणसं नदीत गेली.'

सभागृह उघडलं त्या दिवशी नीपाचे निम्मे लोक हाजीशी बोलले नाहीत. लाबीचे लोक मोठ्या आवाजात पाटी वाचत होते, तिसऱ्या ओळीला आल्यावर आवाज खाली येत होता. शर्यतीत लाबीची होडी तिसरी आली.

महिनाभराने एक बाई दुकानात आली. नाव सिम्बा, लुबोक पुनाईच्या शाळेत शिक्षिका. विद्यार्थ्यांना घेऊन ती सभागृह पाहायला गेली होती आणि तिने पाटी वाचली होती. सगळं गाव एका छपराखाली राहतं त्या लांबघरातल्या म्हाताऱ्यांना विचारून तिने कागदावर नावं लिहून आणली होती. न्यांगाऊ, लांतिंग, उजाई, बेलायोंग.

"पाटीवर जागा नाही म्हणाले साहेब," ती म्हणाली. "वेगळी पट्टी करून मिळेल का? पितळेची चालेल. कपाटाच्या बाहेर लावू देतील म्हणतात."

ग्योक इमने पट्टी कापली. यंत्र सुरूच होतं, त्यावर शाळेची ढाल लावलेली होती. तिने ते बंद केलं, खण उघडला, आणि कोरण्यांवरचं तेल पुसलं. चार नावांना तिला दोन दिवस लागले. हात पूर्वीसारखा चालत नव्हता, आणि 'बेलायोंग' लांबलचक.

सिम्बा पट्टी न्यायला येणार त्याच्या आदल्या सकाळी ग्योक इम ती घेऊन लाबीला गेली. रापियाआजी आता पडवीत येत नव्हती, आत चटईवरच पडून असायची. ग्योक इमने पट्टी तिच्या हातात दिली. आजीने बोटं फिरवली. अक्षरं रोमन होती, आणि तसंही तिला वाचता येत नव्हतं.

"वाच," ती म्हणाली.

ग्योक इमने चार नावं वाचली.

"तो हात ज्याचा, तो यात असेल का?"

"ते आता कोणालाच ठाऊक नाही, नेक. कदाचित वाचलाही असेल."

आजीने पट्टी पोटावर ठेवली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"असू दे," ती म्हणाली. "परत एकदा वाच. हळू."